उकळलेल्या लेनमध्येही बँड येतात: प्रोब बदलण्याआधी काय तपासायचं

एन्झाइमच्या सक्रिय जागेला कायमचा चिकटणारा रेणू, म्हणजे ॲक्टिव्हिटी-बेस्ड प्रोब, वापरून नमुन्यातली चालू एन्झाइमं जेलवर बघणाऱ्यांची तक्रार जवळपास दर वेळी त्याच शब्दांत येते. प्रोब घातला, क्लिक केलं (म्हणजे तांब्याच्या मदतीने प्रोबला चमकणारा डाय, अर्थात रिपोर्टर, जोडला), जेल स्कॅन केलं. साध्या लायसेटच्या, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रवाच्या, लेनमध्ये बँड छान आले, पण उकळलेल्या कंट्रोलमध्येही बँड आहेतच. लगेच पुढचा प्रश्न: प्रोब स्पेसिफिक नाही म्हणायचा का? वॉरहेड, म्हणजे प्रोबचा एन्झाइमला पकडणारा भाग, बदलू का? आणि पुढच्या ग्रुप मीटिंगपर्यंत कुणीतरी खरंच नव्या वॉरहेडच्या सिंथेसिसच्या पहिल्या स्टेपचा शुद्धीकरणाचा कॉलम लावून बसलेलं असतं.

जरा दमानं घ्या. जेलवरचा बँड चार ठिकाणांहून येऊ शकतो: मुळात नमुन्यातून, रिपोर्टर डायमधून, क्लिकच्या रसायनातून आणि प्रोबमधून. संशय मात्र सगळ्यात आधी प्रोबवर जातो, कारण तो आपण स्वतः बनवलेला असतो. माझ्या मते त्याचा नंबर शेवटी लावावा. प्रोब बदलायला महिने जातात, बफर बदलायला एक दुपार पुरते.

खाली सेरीन हायड्रोलेज आणि फ्लुरोफॉस्फोनेट, म्हणजे एफपी प्रोब, हीच जोडी धरून लिहितो आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत बेंजामिन क्रॅव्हॅट यांच्या गटाने एफपी-बायोटिन प्रसिद्ध केला, तेव्हापासून या क्षेत्रात नवीन आलेल्या प्रत्येकाची सुरुवात बहुधा याच प्रोबने होते. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये सिद्धेश कामत यांचा गट याच एन्झाइम कुटुंबावर काम करतो. तुमचा प्रोब सिस्टीन प्रोटिएजचा असेल किंवा ग्लायकोसिडेजचा असेल, तरी तपासाचा क्रम बदलत नाही. जिथे बदलतो तिथे सांगेन.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: एन्झाइमच्या सक्रिय जागेतलं सेरीन इतर सेरीनपेक्षा कितीतरी जास्त तत्पर असतं, कारण शेजारचं हिस्टिडिन त्याचा प्रोटॉन ओढून घेतं. एफपी त्या सेरीनवर जाऊन बसतं, फ्लोराइड निघून जातं आणि बंध कायमचा होतो. उकळल्यावर प्रोटीनची घडी मोडते, ते सेरीन चारचौघांसारखं होतं आणि एफपी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून उकळलेली लेन रिकामी यायला हवी. (जाता जाता: सरीन हा नर्व्ह एजंट याच रासायनिक कुळातला आहे आणि ॲसिटिलकोलिनएस्टरेज हेही सेरीन हायड्रोलेजच आहे. एफपी प्रोब सहज उडून जाणारा नसला तरी पावडर वजन करणं फ्यूम हूडमध्येच, ग्लोव्हज घालून. यात चालढकल नको.)

आधी स्कॅनर, मग रसायन

फुकटात होणारी तपासणी पहिली. बहुतेक इमेजिंग सॉफ्टवेअर फाइल उघडल्याबरोबर ऑटो-कॉन्ट्रास्ट लावतं. सिग्नल कमी असला की ते स्केल ताणतं आणि जेलचा स्वतःचा मंद उजेडही काळाकुट्ट दिसायला लागतो. उकळलेल्या लेनचं जेल वेगळं चालवून वेगळा फोटो घेतला असेल तर हे हमखास होतं. साधी आणि उकळलेली लेन एकाच जेलवर, एकाच फोटोत, एकाच स्केलवर बघा आणि डोळ्यांवर विसंबू नका, बँडच्या जागचे आकडे वाचा. उकळलेल्या लेनमधला बँड साध्या लेनच्या विसाव्या हिश्शाएवढा निघाला तर तुमच्याकडे समस्याच नाही. उलट प्रकारही होतो: एक्स्पोजर इतकं जास्त की साध्या लेनचे पिक्सेल सॅच्युरेट झालेत, उकळलेल्या लेनचेही झालेत, आणि दहापट फरक असूनही दोन्ही सारख्या काळ्या दिसतायत.

कूमासी, म्हणजे सगळी प्रोटीन्स दाखवणारा निळा रंग, नेहमी स्कॅननंतर करा, आधी नाही. प्री-स्टेन्ड मार्कर स्वतःच चमकतो, म्हणून त्याच्या शेजारची लेन मोकळी सोडा. आणि कूमासीचा फोटो फ्लुरोसन्सच्या फोटोशेजारी ठेवल्याशिवाय कुणालाही मदत मागायला जाऊ नका. त्याचं कारण उकळण्याच्या भागात कळेल.

एका जेलवर लावायच्या लेन

पहिली लेन प्रोबशिवाय: फक्त डीएमएसओ (प्रोब ज्यात विरघळवतात ते द्रावक), पण क्लिकचं सगळं साहित्य घातलेलं. दुसरी प्रोबसह, पण तांबं न घालता. तिसरी साधी, सगळं घातलेली. चौथी आधी उकळून मग प्रोब. पाचवीत ओळखीचा इन्हिबिटर, म्हणजे एन्झाइम बंद करणारा रेणू, अर्धा तास आधी, मग प्रोब. आणि शक्य असेल तर आणखी दोन लेन टॅम्रा-एफपीच्या, एक साधी आणि एक उकळलेली. टॅम्रा-एफपीला डाय आधीच जोडलेला असतो, क्लिकची गरजच नसते. तो विकत मिळतो. नाहीच तर शेजारच्या लॅबमधून दोन मायक्रोलिटर मागून आणा. ही जोडी स्वच्छ आली, म्हणजे साधीत बँड आणि उकळलेलीत काहीच नाही, तर तुमचं लायसेट आणि तुमची उकळण्याची पद्धत दोन्ही ठीक आहेत. मग उरतं क्लिक किंवा तुमचा प्रोब. एवढ्या एका जोडीने निम्मा तपास संपतो, तरी ती लावायचा कंटाळा लोक का करतात हे मला कळलेलं नाही.

प्रमाणं नेहमीचीच ठेवा: लायसेट १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ५० मायक्रोलिटर, प्रोब १ मायक्रोमोलार, अर्धा तास.

नमुना निवडायची मोकळीक असेल तर माऊसच्या मेंदूचं मेम्ब्रेन घ्या. त्याचा नकाशा पाठ असतो. साधारण ६० किलोडाल्टनच्या आसपास एफएएएच, ३५च्या आसपास मॅगलचे दोन जोडून असलेले बँड, त्यांच्या किंचित खाली एबीएचडी६; ही तिन्ही सेरीन हायड्रोलेज. जेझेडएल१८४ हा इन्हिबिटर दिला की मॅगलची जोडी गायब होते आणि बाकीचे बँड जागेवर राहतात. यूआरबी५९७ दिला की एफएएएच जातो. अशी ओळखीची उत्तरं असलेला नमुना हाताशी असणं म्हणजे सगळ्यात स्वस्त विमा. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा: आपल्याकडच्या ॲनिमल हाउसमध्ये विस्टार रॅट सहज मिळतो, माऊस कधीकधी मिळत नाही, म्हणून रॅटचा मेंदू घेतला जातो. रॅटच्या मॅगलवर जेझेडएल१८४ बराच कमी चालतो. माऊसवरच्या पेपरमधला डोस रॅटच्या लायसेटला लावून बँड गेला नाही, तर त्याचा राग प्रोबवर काढू नका.

प्रोबच नाही, तरी बँड

पहिल्या लेनमध्ये बँड आला तर प्रोब निर्दोष सुटला. आता दुसरीकडे बघा.

रिपोर्टर बायोटिन असेल आणि बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनने ब्लॉट केला असेल तर उत्तर बहुधा तयारच आहे: पेशीत मुळातच बायोटिन जोडलेली प्रोटीन्स असतात. सस्तन प्राण्यांच्या लायसेटमध्ये पायरुव्हेट कार्बोक्झिलेज १३०च्या आसपास दिसतो, प्रोपिओनिल-कोए आणि मिथिलक्रोटोनिल-कोए कार्बोक्झिलेजच्या साखळ्या ७५च्या आसपास, आणि ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेज पार वर, २६५च्या पुढे. मायटोकॉन्ड्रिया भरपूर असलेल्या ऊतींत, म्हणजे यकृत-मूत्रपिंडात, हे बँड ठळक येतात. ई. कोलायमध्ये असं एकच प्रोटीन आहे आणि ते जेलवर २० किलोडाल्टनच्या थोडं वर दिसतं. हे बँड उकळल्याने जात नाहीत, इन्हिबिटरने जात नाहीत, वॉरहेड बदलल्याने तर मुळीच जात नाहीत. ७५ आणि १३०ला दोन दांडगे बँड आणि बाकी सगळं फिकट, हे चित्र दिसलं की मी पुढचं ऐकायच्या आधीच विचारतो, बायोटिन वापरलंय ना? जेलसाठी डाय वापरा, बायोटिन मास स्पेकसाठी राखून ठेवा.

डाय असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या लेनची तुलना करा. दुसरीत, म्हणजे तांब्याशिवायही, बँड असतील तर ते क्लिकचे नाहीत. एक शक्यता अशी की जादा डाय प्रोटीनला नुसता चिकटून बसलाय. दुसरी शक्यता लोकांच्या डोक्यातच येत नाही: अझाइड-डाय (क्लिकमध्ये डायवरचा अझाइड प्रोबवरच्या अल्काइनला जुळतो) लॅबमध्येच बनवला होता का? टॅम्राचा एनएचएस एस्टर आणि अझाइडवाला अमाइन एकत्र करून, कॉलम न करता, "टीएलसी ठीक वाटली" म्हणून वापरला असेल, तर उरलेला एनएचएस एस्टर दिसेल त्या लायसिनला पकडतो. तांबं असो-नसो, प्रोब असो-नसो, नमुना उकळलेला असो-नसो. सगळ्या लेनमध्ये कूमासीसारखाच दिसणारा फ्लुरोसन्स, म्हणजे ज्या प्रोटीनचं प्रमाण जास्त त्याचाच बँड जास्त, ही त्याची खूण. एलसी-एमएसवर एकदा बघून घ्या, आणि तोवर विकतचा डाय वापरा.

दुसरी लेन कोरी आणि पहिलीत बँड, असं असेल तर तांबं आणि डाय मिळून बँड देतायत. इथे विचारायचा प्रश्न असा: अल्काइन कुणावर आहे? प्रोबवर अल्काइन आणि डायवर अझाइड असं असेल तर बॅकग्राउंड कमी येतं. उलट केलं, म्हणजे प्रोबवर अझाइड आणि डायवर अल्काइन, तर वाढतं. हे क्रॅव्हॅट यांच्या गटाने २००४ सालीच तुलना करून दाखवलंय. प्रोबचं डिझाइन करताना हे ठाऊक असेल तर पुढचा त्रास वाचतो, कारण एकदा अझाइडवाला प्रोब बनवून ठेवला की तो फेकवत नाही आणि बॅकग्राउंड आयुष्यभर सोबत राहतं. आणि डाय किती घालताय? २० ते २५ मायक्रोमोलार पुरतो. १०० घालून सिग्नल वाढत नाही, काळोख वाढतो.

तांब्याचा वैताग नको म्हणून काही जण डीबीसीओ, म्हणजे तांब्याशिवाय क्लिक होणारं अल्काइन, वापरतात. तांबं टळतं हे खरं, पण ताण असलेलं ते अल्काइन सिस्टीनच्या थायोलशीही जुळतं आणि लायसेटमध्ये थायोल ढीगभर असतात. तेच वापरायचं असेल तर डीबीसीओ घालण्याआधी आयोडोॲसिटामाइडने थायोल बंद करून घ्या. मात्र प्रोबची प्रक्रिया संपल्यावर, आधी नाही.

क्लिकची नळी

क्लिक नीट झालं नाही की लोक डाय वाढवतात, तांबं वाढवतात, वेळ वाढवतात, आणि खऱ्या बँडपेक्षा खोटे बँड जास्त वेगाने वाढतात. म्हणून बॅकग्राउंडची तक्रार पुष्कळदा मुळात अर्धवट क्लिकची तक्रार असते.

पहिला प्रश्न बफरचा. लायसिस बफरमध्ये ईडीटीए आहे का? १ मिलिमोलार ईडीटीए म्हणजे १ मिलिमोलार तांबं सरळ गिळलं गेलं, तुमच्याकडे उरलं काहीच नाही. डीटीटीही तसंच. हिज-टॅगवाल्या शुद्ध प्रोटीनवर काम असेल तर इल्यूशन बफरमधला इमिडॅझोल तांब्याला धरून ठेवतो. डायलिसिस किंवा डीसॉल्टिंग कॉलम केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पीबीएस किंवा हेपेस, एवढं साधं ठेवा.

दुसरा प्रश्न टीसेपचा, म्हणजे तांब्याला क्लिकसाठी लागणाऱ्या रूपात ठेवणाऱ्या रिड्यूसिंग एजंटचा. टीसेप हायड्रोक्लोराइड नुसत्या पाण्यात विरघळवलं की ते चांगलंच आम्ल असतं. बफर पातळ असेल तर नळीतला पीएच घसरतो. ताजं करा, रोज. शिवाय टीसेप हा फॉस्फीन आहे आणि अझाइड हा अझाइड: दोघांना फार वेळ एकत्र ठेवलं तर टीसेप अझाइडचं अमाइन करून टाकतो. म्हणून सगळं मास्टर मिक्स सकाळी बनवून जेवणानंतर वापरणं हा उद्योग नको. क्रम असा: लायसेटमध्ये डाय-अझाइड, मग टीसेप, मग टीबीटीए (तांब्याला सांभाळणारा लिगँड), ढवळायचं, आणि शेवटी कॉपर सल्फेट. टीसेप आणि तांबं प्रत्येकी १ मिलिमोलार, टीबीटीए १०० मायक्रोमोलार, खोलीच्या तापमानाला एक तास.

टीबीटीए पाण्यात विरघळायला नाखूश असतो. घातल्याबरोबर नळी किंचित गढूळ होते आणि तासाभराने त्यात बारीक कण तरंगताना दिसतात. त्यातले काही कण प्रोटीनचे असतात. हे बघून घाबरायचं कारण नाही, पण थेट लोडिंग बफर घालून जेलवर चढवलं तर त्यातलं काही विहिरीतच अडकतं आणि लेनभर धूसर पट्टा ओढला जातो. पाण्यात विरघळणारा टीएचपीटीए वापरला तर गढूळपणा जातो. तो तांब्याच्या पाचपट घ्या आणि तांबं आधी त्याच्यात मिसळून मग घाला. टीसेपऐवजी सोडियम ॲस्कॉर्बेट वापरणाऱ्यांनी तेही ताजंच करावं, पिवळं पडलेलं द्रावण टाकून द्यावं.

उरलेला डाय काढायचा तर मिथेनॉल-क्लोरोफॉर्मसारखा उपाय नाही. १०० मायक्रोलिटर नमुना असेल तर ४०० मिथेनॉल, १०० क्लोरोफॉर्म, ३०० पाणी, प्रत्येक वेळी ढवळून, मग सेंट्रिफ्यूज. नळी हळूच उचलून उजेडात धरा: खाली क्लोरोफॉर्म, वर पाणी-मिथेनॉल, आणि दोघांच्या मधे पापडासारखी पातळ पांढरी चकती. ती चकती म्हणजे तुमचं प्रोटीन. वरचा थर पिपेटचं टोक भिंतीला टेकवून काढा, चकतीला धक्का लागता कामा नये. मग मिथेनॉल घालून पुन्हा फिरवा. गुलाबी रंग मिथेनॉलबरोबर निघून जातो. चकती हवेत थोडीच वाळवा. अगदी कडक वाळू दिली तर ती एसडीएसमध्येही विरघळत नाही, आणि मग त्या लेनमध्ये सगळंच कमी दिसतं.

उकळणं हेही प्रयोगाचा भाग आहे

उकळलेला कंट्रोल हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत गृहीत धरलेला भाग आहे. पेपरमध्ये अर्धी ओळ असते, "उष्णतेने निष्क्रिय केलेला नमुना". तो कसा निष्क्रिय केला यावर मात्र सगळं अवलंबून असतं.

नुसतं लायसेट ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवलं की काय होतं ते नळी उघडून बघा. दह्यासारखा साका असतो. तुम्ही वरचं पाणी पिपेटने घेतलं तर लेन रिकामी येते, आणि तुम्ही खूश. पण ती रिकामी आली कारण तिच्यात प्रोटीनच नव्हतं! म्हणूनच कूमासीचा फोटो मागतो मी. साधी आणि उकळलेली लेन कूमासीत सारखी दिसली नाही, तर त्या कंट्रोलला काही अर्थ नाही, तो तुमच्या बाजूने असला तरी.

उलट बाजूही आहे. काही प्रोटीन्स उकळूनही थंड झाल्यावर परत घडी घालतात, विशेषतः लहान आणि डायसल्फाइडने बांधलेली. सल्फोलोबससारख्या उष्ण झऱ्यातल्या सूक्ष्मजीवांवर काम असेल तर त्यांची एन्झाइमं ८० अंशांच्या आसपास काम करण्यासाठीच बनलेली आहेत; पाच मिनिटांच्या उकळीने त्यांचं काही बिघडेल ही अपेक्षाच चुकीची. उपाय एकच: १ टक्का एसडीएस घालून ९५ अंशांवर दहा मिनिटं. एसडीएस घडी परत घालू देत नाही आणि साकाही होऊ देत नाही. बफर पोटॅशियम फॉस्फेटचा असेल तर मात्र एसडीएस पांढरा साका देईल. सोडियमचा बफर घ्या.

आता खरी गोम. उकळलेल्या नळीत एसडीएस आहे, साध्यात नाही, आणि दोन्हींवर क्लिक केलं. उलगडलेल्या प्रोटीनवर अल्काइन उघड्यावर असतं, तांबं आणि डाय सहज पोचतात. साध्या नळीत तेच अल्काइन सक्रिय जागेच्या खोबणीत दडलेलं असू शकतं. म्हणजे क्लिकच उकळलेल्या नळीत जास्त चांगलं झालं, आणि जे थोडंफार बॅकग्राउंड होतं ते फुगून दिसलं. यावर तोडगा सोपा आहे: प्रोबचा अर्धा तास संपला की सगळ्याच नळ्यांत एसडीएस घालून तो १ टक्क्यावर आणा, मग क्लिक करा. आता दोन्ही लेन एकाच मापाने मोजल्या जातायत. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असं मला वाटतं.

दोन बारीक गोष्टी. उकळलेली नळी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय प्रोब घालू नका. गरम नळीत कुठलाही इलेक्ट्रोफाइल जास्त उतावळा होतो. आणि झाकणाला लागलेलं पाणी सेंट्रिफ्यूजने खाली आणा, नाहीतर प्रमाण बिघडतं. प्रोब आधी आणि उकळणं नंतर असा क्रम लावणारेही भेटलेत. बंध कायमचा झाल्यावर उकळून काय उपयोग?

सिस्टीनवर जाणाऱ्या वॉरहेडसाठी, म्हणजे क्लोरोॲसिटामाइड, ॲक्रिलामाइड वगैरेंसाठी, उकळलेला कंट्रोल न्याय करतच नाही. घडी मोडली की आत लपलेली सिस्टीन बाहेर येतात आणि प्रोब त्यांच्यावर तुटून पडतो. तिथे उकळलेली लेन साध्या लेनपेक्षा जास्त काळी येणं हे नवल नाही, आणि त्यावरून साध्या लेनमधले बँड खोटे ठरत नाहीत. अशा प्रोबसाठी इन्हिबिटरच्या लेनवर भरवसा ठेवा, आणि उकळलेली लेन लावलीच तर तिचा अर्थ काढताना हात राखून.

तो ६६चा बँड

६६ किलोडाल्टनला जाड बँड, उकळलेल्यात थोडा कमी पण पूर्ण जात नाही, आणि कुठलाच इन्हिबिटर त्याला हलवत नाही. नमुना प्लाझ्मा असेल किंवा सीरममध्ये वाढवलेल्या पेशींचा असेल तर हा अल्ब्युमिन. त्याच्या टायरोसिन ४११ ला एफपीची चटक आहे. अल्ब्युमिन सेरीन हायड्रोलेज नाही, तरी पकडला जातो. पेशींच्या बाबतीत इलाज म्हणजे नीट धुणं: माध्यम काढून थंड पीबीएसने तीनदा, आणि शेवटच्या वेळी सगळं पीबीएस खरोखर काढून. प्लाझ्मात तो राहणारच. त्याला बघायचं नाही एवढंच करता येतं, किंवा तुमचं एन्झाइम ६६च्या आसपास असेल तर जेलची टक्केवारी बदलून दोघांना वेगळं काढायचं.

साधी लेनच फिकट असेल तर

कधीकधी उकळलेल्या लेनमध्ये वाढ झालेली नसते, साधी लेन खाली आलेली असते. दोन्ही सारख्या दिसतात म्हणून बॅकग्राउंड वाटतं. इथे पहिला आरोपी प्रोटिएज इन्हिबिटर कॉकटेल, म्हणजे प्रोटीन्स तुटू नयेत म्हणून घालायची गोळी. बायोकेमिस्ट्रीत वाढलेल्या माणसाचा हात लायसिस करताना आपोआप त्या गोळीकडे जातो. तिच्यात पीएमएसएफ किंवा एईबीएसएफ असतं, आणि ती दोन्ही सेरीनवरच बसतात. म्हणजे तुम्ही प्रोब घालण्याआधी जागा भरून ठेवल्या. सिस्टीन कॅथेप्सिनवर काम करणाऱ्यांसाठी त्याच गोळीतला ई-६४ तेच करतो. मॅथ्यू बोगिओ यांच्या गटाने कॅथेप्सिनसाठी बनवलेला डीसीजी-०४ प्रोब तर ई-६४च्याच सांगाड्यावर उभा आहे. कॉकटेल नको. बर्फावर भरभर काम करा, तेवढं पुरतं.

दुसरा आरोपी प्रोबची बाटली. एफपी पाण्याने मरतो, आणि डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतो. जुलै-ऑगस्टमधल्या मुंबईत किंवा कोकणात उणे २० अंशांवरून काढलेली व्हायल तशीच उघडली की झाकणाच्या आत दव जमतं आणि ते थेट स्टॉकमध्ये जातं. व्हायल डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा. त्याहून बरं म्हणजे स्टॉक आल्याबरोबर छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा आणि एक नळी एकदाच वापरा. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो, म्हणून एसी जोरात चालू असलेल्या खोलीत तो अर्धवट वितळलेलाच राहतो. वरचा द्रव भाग घेतला तर तुम्ही किती प्रोब घातला ते देवच जाणे.

आता प्रोब

एवढं करूनही, सारख्या एसडीएसमध्ये, सारख्या कूमासीवर, उकळलेली लेन साध्या लेनच्या निम्म्याने तरी काळी असेल, तर आता प्रोबकडे वळा. तिथेही सिंथेसिस शेवटी.

आधी प्रमाण उतरवा. १० मायक्रोमोलारने लेबल करणारे पुष्कळ आहेत, कारण पहिल्या दिवशी कुणीतरी तसं केलं आणि तीच प्रोटोकॉल फाइल पुढे चालत आली. सक्रिय जागेला प्रोब आधी बसतो, मग बंध होतो, म्हणून तिथली प्रक्रिया कमी प्रमाणातही चालते. बाहेरच्या लायसिन-टायरोसिनशी होणारी टक्कर मात्र प्रमाणाच्या पटीत वाढते. १०, ३, १, ०.३, ०.१ अशी शिडी लावा आणि प्रत्येक पायरीवर साधी-उकळलेली जोडी. दोघांमधला फरक जिथे सर्वांत मोठा तिथे थांबा. सिग्नल सर्वांत मोठा असतो तिथे फरकही मोठा असेलच असं नाही. मग वेळ: ५ मिनिटं, १५, ३०. खरे बँड आधी भरतात, खोटे नंतर वाढत राहतात.

त्यानंतरही नाही जमलं तर वॉरहेड. एफपी मुद्दाम सर्वभक्षी ठेवलेला आहे, कुटुंबाचं कुटुंब दिसावं म्हणून. एकाच एन्झाइमवर लक्ष असेल तर कार्बामेट किंवा ट्रायाझोल युरिया हे त्याहून शांत पर्याय आहेत. सिस्टीन प्रोटिएजसाठी असायलॉक्सीमिथिल कीटोन इतर थायोलकडे फारसा वळत नाही. ग्लायकोसिडेजवाल्यांकडे तर सायक्लोफेलिटॉलच्या कुटुंबातले सुंदर प्रोब आहेत. ते एन्झाइमच्या ग्लुटामेटवर बसतात आणि साखरेचाच वेश घेऊन आत जातात, त्यामुळे बॅकग्राउंड मुळातच कमी. किनेज आणि मेटॅलोप्रोटिएजचं गाऱ्हाणं वेगळं: तिथे पकडायला सोयीचं न्यूक्लिओफाइल नसतं, म्हणून बेन्झोफेनोन किंवा डायाझिरिन लावून प्रकाशाने जोडावं लागतं. तिथे उकळलेल्या लेनपेक्षा दिवा न लावलेली लेन आणि जादा इन्हिबिटरची लेन जास्त बोलतात.

जेलची एवढी ओढाताण कशाला, असं वाटत असेल तर रेनचं प्रकरण आठवा. २०१६च्या जानेवारीत फ्रान्समधल्या या शहरात बीआयए १०-२४७४ या एफएएएच इन्हिबिटरच्या पहिल्या मानवी चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि आणखी काही जणांच्या मेंदूवर परिणाम झाला. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी एफपीसारख्या प्रोबने स्पर्धा लावून दाखवलं की हे औषध एफएएएचखेरीज इतरही कितीतरी सेरीन हायड्रोलेज बंद करतं. कुठला बँड गेला आणि कुठला राहिला, याच वाचनावर तो निष्कर्ष उभा होता. ज्या जेलमध्ये खरे-खोटे बँड वेगळे करता येत नाहीत, त्यावर असलं वाचन करता येत नाही.

शेवटी एखादा बँड असा उरतोच, जो इन्हिबिटरने जातो पण उकळल्याने पुरता जात नाही. त्यासाठी एचईके२९३टी या मानवी पेशींत ते एन्झाइम दोन रूपांत घाला: एक मूळ, एक सक्रिय सेरीनच्या जागी ॲलनिन केलेलं. मॅगल असेल तर सेरीन १२२. दोन्हींचं प्रमाण वेस्टर्नवर सारखं आहे ना ते बघा आणि दोन्ही लायसेट शेजारीशेजारी त्याच प्रोबने लेबल करा. ॲलनिनच्या लेनमध्ये बँड गेला तर तुमचा प्रोब योग्य जागी बसतोय, उकळण्याची भानगड काहीही असो. राहिला, तर तो त्याच प्रोटीनवर पण दुसरीकडे कुठेतरी बसतोय, आणि आता वॉरहेडच्या त्या कॉलमला हात घालायला हरकत नाही.